लोस कार्दोसच्या नकाशातला सातवा कागद

लग्नाआधी अहिल्या घळसासीला ऑफिसात सगळे ‘गढीवाली’ म्हणत. पुण्यात आर्किटेक्चर शिकून ती बाहेर पडली आणि पुढची चार वर्षं तिने टेप, फळी आणि पाण्याची बाटली घेऊन बीड-नगरच्या गावांत काढली. पांढऱ्या मातीच्या गढ्या मोजायच्या, बुरुजाची उंची घ्यायची, भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेल्या फटी, जंग्या, किती ते लिहून आणायचं. उन्हाने नाक सोललेलं असायचं, पण कागदावर तिची रेघ अशी पडायची की तिचे साहेब नवीन पोरांना बोलावून दाखवायचे.

मग नरेंद्रचं स्थळ आलं. तो ॲरिझोनात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. माणूस सरळ होता, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करता येत नाही हे अहिल्याला ठाऊक होतं. हे बारा वर्षं चालेल हे मात्र ठाऊक नव्हतं.

त्या बारा वर्षांत अनिका झाली, शाळेत गेली, मराठीतून विचारलं तरी इंग्रजीतून उत्तरं देऊ लागली. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी अहिल्याकडे असे. “अहिल्याकाकू आर्किटेक्ट आहेत ना, त्या करतील,” असं कोणीतरी म्हणायचं आणि थर्माकोलचे तक्ते तिच्या गॅरेजमध्ये येऊन पडायचे. कामाचा परवाना हातात आला तेव्हा ती एकेचाळीसची होती. तीन-चार ठिकाणी मुलाखती झाल्या. सगळीकडे एकच प्रश्न, मधली वर्षं काय केलं? शेवटी एका छोट्या ऑफिसात तिला स्वयंपाकघरातल्या कपाटांचे नकाशे काढायचं काम मिळालं. एकसारखी घरं, एकसारखी कपाटं, फक्त सिंक कधी डावीकडे तर कधी उजवीकडे.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात तिघं कोलोरॅडोला निघाली होती. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला डोंगरात नरेंद्रचा रस्ता चुकला आणि एका वळणानंतर लोस कार्दोस नावाचं गाव समोर आलं. गाव म्हणजे वीस-बावीस घरं. सगळ्या घरांनी जगाकडे पाठ फिरवलेली, बाहेरच्या भिंतीला दार नाही की खिडकी नाही. मधे एक चौक, आणि चौकाच्या टोकाला मातीचं चर्च, खांद्यात मान घालून बसल्यासारखं. भिंती पायाशी फुगलेल्या, झरोके माणसाच्या दोन उंचीवर, दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये.

“थांब,” अहिल्या म्हणाली.

“इथे काय आहे?” नरेंद्रने विचारलं.

“गढी आहे.”

चर्चची किल्ली एर्लिंडा बाका नावाच्या सत्तरीच्या बाईकडे असे. गावाने चर्च सांभाळायला नेमलेली बाई ती. पाद्री महिन्यातून एकदा यायचा, बाकी दिवस चर्च तिचंच. अहिल्याने तिला विचारलं, “मी भिंतीची जाडी मोजू का?”

एर्लिंडा हसत सुटली. “लोक फोटो काढू का म्हणून विचारतात. मोजू का म्हणणारी तू पहिली.”

भिंत साडेचार फूट भरली. पूर्वी आसपासच्या आदिवासी टोळ्यांची धाड पडली की सगळं गाव शेळ्यामेंढ्यांसकट आत शिरायचं आणि दाराला आडणा लावायचं, हे एर्लिंडाने सांगितलं. “आणि धाड घालणाऱ्यांचीही जमीन होती ही,” ती पुढे म्हणाली. “ते माझी आजी सांगायची नाही. मी सांगते.”

दरवर्षी जूनमध्ये गावातल्या बायका चर्चला नवा गिलावा करायच्या. माती, वाळू आणि काड तुडवून कालवायचं आणि थापी न घेता नुसत्या तळहाताने भिंतीवर चढवायचं. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये अहिल्या एकटी साडेआठ तास गाडी चालवून तिथे पोचली आणि बाह्या वर करून मातीत उतरली. पहिल्या दिवशी तिचा थर दुपारपर्यंत गळून पडला. तिसऱ्या दिवशी टिकला. मधलं साथीचं एक वर्ष सोडलं तर सलग सहा वर्षं ती जात राहिली. एर्लिंडाच्या घरी राहायची, संध्याकाळी चर्चमध्ये मापं घ्यायची, चँडलरला परतल्यावर जेवणाच्या टेबलावर शाईने नकाशे काढायची. “सुट्टी घेऊन मजुरी करायला जाते,” असं नरेंद्र मित्रांना सांगायचा, थोडं कौतुकाने, थोडं नाही.

तिसऱ्या वर्षी एर्लिंडाने तिला वेदीमागे नेलं. तिथे रंगवलेल्या फळ्यांचा उंच पडदा होता. उजवीकडची दुसरी फळी एर्लिंडाने खालून उचलून बाजूला सरकवली. मागे पाच फूट रुंदीची आंधळी खोली होती. धाड आली की बायका-पोरांना इथे कोंबायचे. आता तिथे मातीच्या ओट्यावर तीन लाकडी संत उभे होते, गाव वसवणाऱ्या स्पॅनिश लोकांबरोबर आलेले, चर्चहून जुने. वर्षातून एकदा, सणाच्या दिवशी बाहेर यायचे. एकाच्या पायाचं लाकूड हात लावून लावून गुळगुळीत झालं होतं.

“तुझ्या नकाशात हवं तर काढ,” एर्लिंडा म्हणाली. “पण हा कागद कोणाला दाखवायचा नाही.”

“नाही दाखवणार,” अहिल्या म्हणाली, आणि तेव्हा ते खरं होतं.

एकूण अकरा कागद झाले. त्यातला सातवा सगळ्यांत देखणा. चर्च मधोमध उभं कापून आत पाहावं तसा. भिंतींचं वजन, छताच्या तुळया, पडदा, पडद्यामागची खोली, फळी कशी सरकते त्याचा छोटा तपशील कोपऱ्यात. हा कागद काढायला तिला एक अख्खा हिवाळा लागला होता.

मंडळातली ऋता फीनिक्सजवळच्या एका विद्यापीठात आर्किटेक्चरमध्ये पीएचडी करत होती. मूळची नागपूरची, हुशार, बोलकी. दिवाळीच्या फराळाला ती घरी आली आणि अनिकाने सहज तिला आईचे ते अकरा कागद दाखवले. ऋता चकली हातात धरून तशीच बसून राहिली.

“मावशी, हे तुम्ही काढलंय? हाताने?” ती म्हणाली. “हे पब्लिश व्हायलाच हवं यार. एका ऑनलाइन जर्नलचा मातीच्या बांधकामावर स्पेशल इश्यू येतोय, मी एडिटरला ओळखते. तुमचं नाव येईल.”

तुमचं नाव येईल. गेल्या वीस वर्षांत हे वाक्य तिला कोणी म्हटलं नव्हतं. कपाटांच्या नकाशांवर ऑफिसचं नाव असायचं आणि मखर तर विसर्जनानंतर कचऱ्यातच जायचं.

सातवा कागद बाजूला काढता आला असता. अहिल्याने तो काढलाही, दोन दिवस कपाटात ठेवला. मग वाटलं, त्याच्याशिवाय बाकीच्या दहांना काय अर्थ आहे? वेदीमागे नुसती साडेनऊ फूट जाड भिंत दिसेल, जाणकार हसतील. शिवाय असली जर्नलं वाचतं कोण? प्राध्यापकच ना? तिने अशी पाच-सहा कारणं गोळा केली आणि ती सगळी स्वतःला पटवली. एर्लिंडाला फोन करायचं मात्र तिने टाळलं, कारण ती काय म्हणेल हे माहीत होतं.

अंक पुढच्या शरदात निघाला. लेखावर ऋताचं नाव होतं. तळाशी बारीक अक्षरांत ‘रेखाटन साहाय्य: ए. घळसासी’.

“मावशी, ते एडिटरने केलं,” ऋता फोनवर म्हणाली. “मी त्यांना सांगितलं होतं. नेक्स्ट टाइम नक्की करेक्ट करू.”

“नेक्स्ट टाइम म्हणजे कधी?” अहिल्याने विचारलं. पलीकडे ऋताला दुसरा कॉल येत होता.

फेब्रुवारीत एर्लिंडाचा फोन आला. तिचा आवाज शांत होता. कोणीतरी चर्चचं कुलूप तोडलं होतं. मेणबत्त्यांची चांदीची घरं तशीच होती, घंटा तशीच होती.

“पडद्याची उजवीकडून दुसरी फळी,” ती म्हणाली. “तीच उचलली. खालून, जशी उचलायची तशी. बाकी कशाला हात लावलेला नाही. तिघेही गेले.”

अहिल्याने शेगडी बंद केली.

“तू कोणाला दाखवलं होतंस का?” एर्लिंडाने विचारलं.

“नाही,” अहिल्या म्हणाली.

रात्री तिने नरेंद्रला सांगितलं. तो लॅपटॉप मिटून म्हणाला, “तुझा काय संबंध? चोराला चोरायचंच होतं. आणि लाकडाच्या बाहुल्याच होत्या ना शेवटी?”

“आपला बाळकृष्णही पितळेचाच आहे,” ती म्हणाली.

“मग आता काय करायचं म्हणतेस?”

दोन दिवसांनी तिने धीर करून एर्लिंडाला फोन लावला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं, जर्नल, सातवा कागद, परवाचं खोटं.

“मला माहीत आहे,” एर्लिंडा म्हणाली. “काल माझ्या भाचीने मला ते कॉम्प्युटरवर दाखवलं.” मग “चित्र छान काढलं आहेस,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

अहिल्याने पोलिसांना पत्र लिहून सगळं कळवलं. जर्नलला सातवा कागद काढून टाकण्याची विनंती केली. पोलिसांनी नोंद घेतली. जर्नलचं उत्तर आलं की लेखातलं साहित्य मूळ लेखिकेच्या संमतीशिवाय काढता येत नाही. ऋताने ‘बघते’ म्हटलं. तिच्या नोकरीच्या मुलाखती चालू होत्या आणि तो लेख तिच्या अर्जात पहिला होता.

जूनमध्ये नरेंद्र नको म्हणत असताना अहिल्या निघालीच. चौकात पोचली तेव्हा माती कालवून तयार होती, सात-आठ बायका शिडीवर चढल्या होत्या. कोणी तोंड फिरवलं नाही, कोणी रागावलं नाही. तेच तिला जास्त लागलं. एर्लिंडा हात पुसत जवळ आली.

“यंदा गावातलेच करतायत,” ती म्हणाली. “आत बघायचं असेल तर अकराला उघडतो.”

अहिल्याने माफीची वाक्यं घोकून आणली होती. त्यातलं पहिलंच वाक्य इतकं लांब होतं की ते संपायच्या आत एर्लिंडा शिडीकडे वळली होती.

ती बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभी राहिली. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या पोरीचा गिलावा पातळ झाला होता, सुकला की तडा जाणार हे तिला इथून दिसत होतं. अकराला दार उघडलं तेव्हा कुठूनसं आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याबरोबर तीही वाकून आत गेली. एर्लिंडाची भाची माहिती सांगत होती. वेदीमागची ती फळी आता कायमची काढून ठेवली होती. आत एक बल्ब लावला होता. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून खोली सगळ्यांना खुली. मातीच्या ओट्यावर तीन फिकट गोल दिसत होते.

“इथे काय होतं?” म्हाताऱ्याने विचारलं.

“गावाचे संत,” भाची म्हणाली. “गेल्या हिवाळ्यात चोरीला गेले.”

तिने अहिल्याकडे पाहिलंही नाही. म्हाताऱ्याने फोन वर धरला, मग किंचित खाली घेतला.

“मॅडम, जरा सरकता का?” तो अदबीने म्हणाला. “तुम्ही मधे येताय.”

अहिल्या भिंतीला लागून उभी राहिली. त्याचे फोटो काढून झाले, त्याच्या बायकोचे झाले. मग ती बाहेर आली आणि गाडीत बसली. संत अजून सापडलेले नाहीत. ऋताला ओहायोत प्राध्यापकाची नोकरी लागली. अहिल्या कपाटांच्या ऑफिसात आहे, आणि सातवा कागद कोणालाही, केव्हाही, फुकट उघडून पाहता येतो.