डावीकडे रुतणारा पट्टा

शिवणकाम करणाऱ्या बायका एका खोलीत बसल्या की दोन गोष्टी जमतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या आम्ही शनिवारी संध्याकाळी झाडून टाकतो. किस्से राहतात. त्यातून चंदीगडमध्ये मराठीत हसायला मिळतंय म्हटल्यावर ते जरा फुगतातही!

आम्ही तिघी. शोभावहिनी अमरावतीच्या, त्यांचे मिस्टर सरकारी कंपनीतून रिटायर झाले आणि दोघं इथेच राहिले. केतकी कोल्हापूरची, मोहालीत आयटीत. आणि मी मंजू, ह्यांच्या बदलीमागून लेकीला घेऊन नाशिकहून आलेली, जन्माची भित्री. पालीला भिते, लिफ्टला भिते, अनोळखी नंबरवरून फोन आला तरी भिते.

आम्ही स्वतःच्या ब्रा स्वतः शिवतो. हो, ब्रा! बाजारातली एकही कधी धड बसली नाही. लोकांना वाटतं कप शिवणं अवघड. छे! खरा छळतो तो पट्टा, छातीखालून पाठीकडे जाणारा. सगळा भार त्याच्यावर. सैल झाला तर पाठीवर चढतो, घट्ट झाला तर जीव नकोसा होतो.

हे किस्से मी हसत सांगते. पण त्यातल्या बऱ्याच दिवशी मी आतून टरकलेली होते. माझा पट्टा डावीकडे रुतत होता आणि तो का रुततोय, हे मला कळून घ्यायचंच नव्हतं.

* * *

केतकीने पहिलं माप स्वतःच घेतलं, तेही श्वास पुरा सोडून, अंग आवळून! माप नेहमीसारखा श्वास घेत घ्यायचं, हे वहिनींनी तिला दहादा सांगितलं होतं. पट्टा शिवला आणि सोमवारी घालून ऑफिसला गेली. अकराच्या मीटिंगमध्ये तिला दरदरून घाम फुटला, छाती आवळली, श्वास पुरेना. एकोणतीस वर्षांची पोर, तिला वाटलं हार्ट अटॅक! ऑफिसवाल्यांनी गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. गाडीतूनच हिने कोल्हापूरला फोन लावला, "आई, माझं काय चुकलं असंल तर माफ कर गं!" आई तिकडे धाय मोकलून रडायला लागली.

दवाखान्यातल्या धिप्पाड सिस्टरने ईसीजीसाठी हिला आडवं केलं, पाठीखाली हात घातला आणि हुक काढले. केतकीने एवढा मोठा श्वास घेतला की बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेला.

"लो जी," सिस्टर म्हणाली, "उतर गया अटैक!"

* * *

आमच्याकडे आधी जुन्या कापडाचा नुसता पट्टा शिवतात आणि कपड्यांवरून बांधून घरभर वावरतात. वाकायचं, कणीक मळायची, माळ्यावरचा डबा काढायचा. पट्टा जागचा हलला नाही तरच नवीन कापडाला कात्री.

एकदा वहिनी असाच फुलाफुलांचा पट्टा गाऊनवर बांधून पोहे करत होत्या. बेल वाजली, तशाच गेल्या आणि दार उघडलं. दारात त्यांच्या मिस्टरांचे जुने साहेब, सपत्नीक, सेक्टर सतराहून मिठाई घेऊन! साहेबांची नजर पट्ट्यावर खिळली. मी आतून बघत होते, पटकन दाराआड झाले.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कमर का पट्टा है जी. थोडा ऊपर सरक गया है."

साहेबांनी जाताना हाडांच्या डॉक्टरचा नंबर लिहून दिला!

* * *

माझ्या पट्ट्याचं रामायण मात्र संपेना. नियम साधा आहे: पट्ट्याखाली दोन बोटं आरामात जावीत, तिसरं जाऊ नये. माझ्या पाठीकडे अगदी बरोबर. डावीकडे काखेखाली मात्र टोचायचं. इतर कुठल्याही बाईला असं टोचलं असतं तर ती आरशासमोर उभी राहिली असती. मी शिलाई उसवायला बसले.

पहिल्यांदा इलॅस्टिकला दोष दिला. दुसऱ्यांदा इथल्या उन्हाळ्याला. तिसऱ्यांदा सुईला! दर वेळी डावी बाजू थोडी सैल करायची, आठवडाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. आंघोळ करताना त्या जागी हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. तेव्हापासून तिथे मी साबण घाईघाईने लावायचे. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, अशी माझी समजूत.

* * *

केतकीला प्रत्येक गोष्टीचा तक्ता लागतो. तिने माझी सगळी मापं लॅपटॉपवर भरली आणि एका शनिवारी मोठ्या थाटात आलेख दाखवला. उजवी बाजू सरळ रेघ. डावी पाव इंच, अर्धा इंच, पाऊण इंच, चढतच गेलेली.

"मंजूताई, यार, तुमची डावी बाजू तर पक्की प्रमोशनवर चालली!"

आम्ही तिघी हसलो. सगळ्यात जास्त वेळ मी हसले. थांबले असते तर रडू फुटलं असतं.

* * *

त्याच दुपारी वहिनी म्हणाल्या, "आण इकडं, मी पायते." आणि नियमाप्रमाणे पट्ट्याखाली दोन बोटं घातली. वहिनींचं तोंड कधी बंद नसतं. सुई ओठांत धरूनही त्या बोलतात! डाळीचे भाव, सुनेचा फोन, सगळं चालू होतं. बोटं डावीकडे आली आणि त्या गप्प झाल्या. बोटं तिथेच थांबली, जरा मागे गेली, परत आली. केतकीने मशीन थांबवलं.

"पट्टा बरोबर हाय वं," वहिनी म्हणाल्या. "आता पट्ट्याले हात लावू नको."

"मग काय करू?"

"चप्पल घाल."

* * *

शनिवारी दुपारी ओपीडी कुठली असायला! वहिनी सोमवारी सकाळी आठला दारात हजर. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती, बोलायला गोड. मी मात्र अशी घाबरले होते की स्वतःचं वय सांगताना चुकले. माझे दात वाजत होते, जून महिन्यात!

तिने तपासलं, हात धुतले, पेन उघडलं. "कब से है ये?"

मी म्हणाले, "तीन ब्रा पहले से."

तिचं पेन हवेतच राहिलं.

वहिनी मागून म्हणाल्या, "मतलब चार महीने, जी."

* * *

रिपोर्टमध्ये जे असू नये तेच होतं. ऑपरेशन ठरलं. मोठे सर्जन म्हणाले, "कोशिश करेंगे कि सिर्फ़ गाँठ निकालनी पड़े. पर पक्का टेबल पर ही पता चलेगा." म्हणजे भूल उतरल्यावर माझं काय राहिलेलं असेल आणि काय गेलेलं, ते आधी कुणीच सांगणार नव्हतं.

आदल्या दुपारी, भेटायच्या वेळेत, मी वॉर्डात पलंगावर बसले होते. हे सह्या करायला गेले होते. लेकीने विचारलं, "मम्मा, डर लग रहा है?" मी म्हटलं, "नाही गं." ती म्हणाली, "झूठ," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. खरंच सांगते, एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात वहिनी आल्या. फळं नाहीत, देवाचा अंगारा नाही. पिशवीतून त्यांनी एक कापड काढून माझ्या हातात दिलं. मऊ सुती, बदामी रंगाचं. पट्टा पुरा शिवलेला, कडेची शिलाई अगदी सरळ, मागे तीन रांगा हुक. डावीकडे काखेखाली आतून मऊ फडक्याची घडी लावलेली, टाके टोचू नयेत म्हणून. पुढे मात्र कपांच्या जागी दोन मोकळ्या कमानी.

मी त्या कमानींवरून बोट फिरवलं.

"कप अजून कापले नाईत," वहिनी म्हणाल्या. "एक लागन का दोन, थे शुद्धीवर आली का सांगजो."