तपासनीसांनी हवेला लावलेला हात

तपासनीसांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. शाळेच्या फाटकाची बिजागरी तुटली होती. वेल्डिंगला माणूस बोलावला होता आणि मधली सुट्टी व्हायच्या आत काम उरकावं म्हणून हेडमास्तर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, तर एक किरकोळ अंगाचा माणूस विजेच्या बोर्डापुढे मान वाकडी करून उभा. बोर्डाला हात लावत नव्हता, काही बोलत नव्हता. नुसता बघत होता. एकदा जवळ जाऊन त्याने बोर्डाचा वासही घेतला. मग मशीन हातगाडीवर तसंच ठेवून तो चालू लागला.

"अहो, चाललात कुठे?" हेडमास्तर ओरडले.

"जाड वायर आणतो. या बोर्डावर माझं मशीन लावलं तर फाटक जोडलं जाईल, पण शाळा राहणार नाही."

"दोन मिनिटांचं तर काम आहे!"

"आग लागायला तेवढीही लागत नाहीत, सर."

फाटक दुसऱ्या दिवशी जोडलं गेलं. 'तपासनीस' हे नाव हेडमास्तरांनीच ठेवलं. त्यांनी ते रागाने ठेवलं होतं, गल्लीने मात्र लाडाने उचललं. पुढे पुढे त्यांच्या बायकोलाही लोक 'तपासनीसबाई' म्हणू लागले आणि तिनेही ओ द्यायला सुरुवात केली.

माझ्या घराच्या अगदी समोर त्यांचं वर्कशॉप. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, फाटकं असली कामं तिथे होतात. निवृत्त झाल्यापासून माझी खुर्ची खिडकीशी असते, त्यामुळे त्यांचा स्वभाव मला इंच इंच माहीत आहे. ड्रिल मशीन लावायचं तरी आधी वायरवरून बोटं फिरवणार, कुठे साल निघालीय का बघणार, मग अर्थिंग बघणार. घरी इस्त्रीला तीच वागणूक. तपासनीसबाई सांगतात, "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तर सासऱ्यांशी बोलायच्या आधी फ्रिजचा प्लग बघून आले. बाबांना वाटलं, जावयाला भूक लागलीय."

त्यांचा एक नियम तर गल्लीभर प्रसिद्ध आहे. ज्याचा हात मशीनमध्ये, त्याच्या खिशात प्लग. दुरुस्ती करताना मशीनचा प्लग काढून ते तो स्वतःच्या खिशात कोंबतात, म्हणजे दुसरं कुणी चुकूनही लावू शकत नाही. मागे वायर लोंबत असते. या शेपटीसकट ते गिऱ्हाइकाशी गंभीरपणे बोलतात. खिसे उसवतात ते वेगळंच. तपासनीसबाईंचा अर्धा जन्म ते शिवण्यात गेला.

त्यांना एकच मुलगी. माझी विद्यार्थिनी. वर्गात ती उत्तर लिहायच्या आधी प्रश्न दोनदा वाचायची, तेव्हाच मी ओळखलं होतं, वाण कुठून आला ते. शाळा संपल्यावर तिने फॅब्रिकेशनचाच कोर्स केला आणि बाबांच्या हाताखाली लागली. सगळं ठीक चाललं होतं. फक्त बाबा तिला काही जोडू देत नसत. कापायचं तिने, घासायचं तिने, डिझाइन तर सगळी तिचीच. पण वीज किंवा कॉम्प्रेसरची हवा जोडायची वेळ आली की, "तू हो बाजूला."

मग एका वाचनालयाच्या जिन्याचं काम आलं. कठड्यात पानांची नक्षी हवी होती, आणि तसली वळणं कापायला त्यांनी प्लाझ्मा कटर आणला. हे काय प्रकरण आहे ते लेकीने मला समजावलं. हातात धरायच्या नळीच्या, म्हणजे टॉर्चच्या, तोंडाशी विजेच्या ठिणगीतून दाबाची हवा सोडायची. ती इतकी तापते की लोखंड लोण्यासारखं कापलं जातं. म्हणजे या मशीनला दोन गोष्टी पाजाव्या लागतात, वीज आणि हवा, आणि दोन्हींत गडबड चालत नाही. खास त्याच्यासाठी वायरमनने बोर्डापासून वेगळी जाड लाइन ओढली, वेगळा ब्रेकर बसवला. तपासनीसांनी त्याच्याकडून अर्थिंग तीनदा मोजून घेतलं. तो बिचारा जाताना मला म्हणाला, "बाई, यांच्याकडे काम करण्यापेक्षा परीक्षेला बसलेलं बरं."

त्याच आठवड्यात लेकीला दुसऱ्या गावच्या कारखान्यातून बोलावणं आलं. चांगली जागा, राहायची सोय. उत्तर द्यायच्या दिवशी उठल्या उठल्या तिने घरात सरळ सांगितलं, "बाबा, मला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. नवीन मशीन आज मी जोडणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही हात लावायचा नाही. ते जमत असेल तर मी इथेच राहते. नाहीतर तिकडे निदान मला काम तरी करू देतील."

"जमेल की," तपासनीस म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले, की तपासनीसबाईंना तेव्हाच शंका आली.

मलाही बोलावणं होतं. लेकीचं म्हणणं, बाईंसमोर बाबा कमी बोलतात. मी गेले तेव्हा तपासनीस स्टुलावर बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, फोटो काढायला बसवल्यासारखे. लेकीने ब्रेकर खाली केला. मशीनचा प्लग उचलून स्वतःच्या खिशात कोंबला. शेपटी तिच्याही मागे लोंबू लागली आणि मला हसू आवरेना. मग मशीनच्या पाटीवरचे आकडे तिने मोठ्याने वाचले आणि लाइनच्या आकड्यांशी ताडून पाहिले. त्यानंतर कॉम्प्रेसरकडे वळली आणि तिथून निघालेल्या पाइपवर हात फिरवत निघाली.

"तेवढं राहू दे," तपासनीस स्टुलावरून म्हणाले. "ते सकाळी बघितलंय."

"तुम्ही बघितलंय. मी नाही."

पाइपच्या मध्यावर हवेत तेलाचे थेंब सोडणारी एक छोटी काचेची वाटी होती. लेकीचा हात तिथे थांबला. वाटीत काठोकाठ तेल होतं.

"हे कोणी भरलं?"

तपासनीस छताकडे बघू लागले.

"बाबा?"

"हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरला रोज दोन थेंब लागतातच की. म्हटलं, नवीन मशीन आहे, पहिल्या दिवशी कोरडं कशाला..."

"या मशीनला कोरडीच हवा लागते, बाबा! तेल नको, पाणी नको. तेल आत गेलं असतं तर टॉर्चचं तोंड पहिल्याच दिवशी जळलं असतं. माझ्या हातात!"

तपासनीसांचा चेहरा उतरला. तीस-पस्तीस वर्षं मशीनला तेल घालण्यात माया मानलेला माणूस तो. त्याच मायेने लेकीचा हात भाजला असता.

पण लेकीचं दुःख निराळंच होतं. "म्हणजे तुम्ही हात लावलातच."

"मशीनला नाही लावला," ते हळूच म्हणाले. "हवेला लावला."

"अहो!" तपासनीसबाई दारातून म्हणाल्या. त्या एका शब्दात पुष्कळ काही होतं.

लेकीचा हात खिशाकडे गेला. प्लग खिशातून काढून खाली टाकते की काय आणि आत जाऊन फोन लावते की काय, असं मला वाटलं. तपासनीसांनाही तेच वाटलं असावं. ते म्हणाले, "चुकलं माझं. आता मी बोलणारसुद्धा नाही. बघ तू."

"बघतेच," ती म्हणाली.

तिने कॉम्प्रेसर बंद केला, पाइपमधली हवा आधी सोडून दिली, आणि मगच जोड उघडला. तेल लागलेला पाइप बाजूला फेकला. टाकीच्या तळाचं पाणी काढलं. नवा पाइप, आट्यांवर टेप, मध्ये पाणी अडवणारा फिल्टर. हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. मशीनची दुसरी वायर कापायच्या पत्र्याला चिमटा लावून जोडायची असते. तो चिमटा तिने लावला, आणि तो नेमका रंगाच्या पट्ट्यावर बसला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. तपासनीसांचा चेहरा बघूनच समजलं की काहीतरी चुकलंय. त्यांना मोठा खोकला आला.

"अहो, खोकला आला असेल तर बाहेर जा," तपासनीसबाई म्हणाल्या.

त्यांनी खोकला गिळला. डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. तळवे गुडघ्यांवरून काढून मांड्यांखाली दाबून धरले आणि तोंड भिंतीकडे केलं. इतक्या वर्षांत त्यांना एवढं कष्टाचं काम करताना मी पाहिलं नव्हतं.

लेकीने चिमटा हलवून पाहिला. मग काढला. रंग घासून लोखंड लख्ख केलं आणि पुन्हा लावला. भिंतीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

मग तिने खिशातला प्लग काढून लावला, ब्रेकर वर केला. नुसती हवा सोडून, ती वाहत असतानाच, दाब पाटीवरच्या आकड्याला आणला. आम्हा सगळ्यांना काळे चष्मे दिले. फुस्स आवाज झाला, निळसर उजेड पडला आणि पत्र्यातून पहिलं पान खाली पडलं. थोडं वाकडं होतं. तपासनीसांनी ते पाहिलं आणि तळवे पुन्हा मांड्यांखाली दाबले.

थोड्या वेळाने लेकीने तिथूनच कारखान्याला फोन लावला. "नाही, नाही जमणार यायला. इथला एक माणूस एकटा सोडण्यासारखा नाही."

"कोण गं?" तपासनीसांनी विचारलं.

आता वर्कशॉपची किल्ली लेकीकडे असते. वीज ती जोडते, हवा ती जोडते. कापून झालेल्या पानांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करायचं काम तपासनीसांकडे आहे.