पिस्तुलाच्या पलीकडे

गुढियारीच्या यार्डात मी टायपिस्ट आहे. तिथले वेल्डर काका जंगलातल्या रस्त्यांवर जाणाऱ्या बुलडोझरच्या केबिनला पोलादी पत्रा बसवतात. तो कुठली गोळी झेलतो, हे पोलिसांच्या फायरिंग रेंजवर तपासतात. तेव्हा काका ड्रायव्हरच्या सीटवर एक कोहळं ठेवतात आणि त्यावर खडूने आमच्या यार्डाच्या ठेकेदाराचं नाव लिहितात. देवाला वाहावं तितक्या भक्तीने.

परवा पिस्तुलाच्या गोळीने पत्र्याला नुसता खळगा पडला. ठेकेदार टाळ्या पिटत म्हणाला, "हो गया भैया! पास लिख दो."

"काहून घाई करून राहिले, सेठ? रायफल बाकी हाय," काका म्हणाले.

रायफलची गोळी आरपार गेली. केबिनचं दार उघडताच कोहळ्याचा गर ठेकेदाराच्या पांढऱ्या बुटांवर सांडला.

"कागदावर पिस्तूलच लिही," तो मला म्हणाला. "रायफल कोणं मागितली होती?"

"मारणारा तुमचा कागद वाचून मारते काय?" काका म्हणाले.

लहानपणापासून अन्यायाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या मी यार्डात परतल्यावर नोकरीच्या भीतीने 'पिस्तूल: पास' एवढंच टाइप केलं. ठेकेदार तो कागद खुशीत वाचत असताना काका केबिनमध्ये शिरले. सीटवर बसणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर येतील अशी, पत्र्यावरच, त्यांनी वेल्डिंगने ठसठशीत अक्षरं काढली: 'रायफल की गोली आरपार जाती है.'

ठेकेदाराने शिव्या देत त्यावर पिवळ्या रंगाचे दोन हात मारायला लावले. अक्षरं आणखीच उठून दिसू लागली.