तारेने बांधलेला सिलिंडर

त्या उन्हाळ्यात माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला होता. वाळत चाललेल्या गाळाचा आणि मेलेल्या शिंपल्यांचा उग्र वास वाऱ्याबरोबर गावात येई आणि उशीत, ओढणीत, वर्गातल्या फळ्यापाशीसुद्धा रेंगाळत राही. पाण्याला वास नसतो, असे मी शाळेत मुलांना शिकवत असे. त्या वर्षी ते वाक्य उच्चारताना माझीच जीभ अडखळली.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, सहकारी साखर कारखान्यात ड्रायव्हर होते. पाठोपाठच्या दुष्काळांनी ऊस संपवला, कारखान्याचे धुराडे थंड पडले, आणि संचालकांची गोल पाठीची पांढरी गाडी भंगारात निघाली. दादांनी ती घरी आणली. उभी हयात ज्या गाडीचे दार दुसऱ्यांसाठी उघडले, तिच्या स्टिअरिंगमागे आता ते स्वतःच्या मालकीने बसणार होते. वाळून चाललेल्या त्या वर्षात आमच्या घरी ओलावा होता तो एवढाच.

सीटांना नवी कापडे घालण्याआधी दादांनी आणला तो आग विझवायचा लाल सिलिंडर. जुन्या गाडीच्या नळ्या म्हाताऱ्या असतात, रबर कधी तडकेल याचा नेम नाही, असे ते म्हणत. शेजाऱ्याने सुचवले, डिकीत टाका. दादांनी मान हलवली. "मागं पेट्रोलची टाकी हाय. आग लागल्यावर तिकडं कोण पळंल?" मग त्यांनी पुढच्या सीटखालच्या पत्र्याला भोके पाडली, खालून रुंद वायसर लावून बोल्ट आवळले, लोखंडी पट्ट्यात सिलिंडर आडवा बसवला. स्टिअरिंगमागे बसून, डोळे मिटून त्यांनी पट्ट्याची कडी दहादा उघडून पाहिली. महिन्यातून एकदा ते सिलिंडर काढत, उलटा करत, बुडावर थापट्या मारत. "आतली पावडर बसती, माय. बसली की ऐन वक्ताला येत न्हाई." मला ते लहानपणापासून माय म्हणत.

पण आमच्या रस्त्यांवर कोणता पट्टा घट्ट राहील? चारच महिन्यांत तो सैलावला आणि सिलिंडर खडखडू लागला. घाटनांदूरला आत्याकडे जायचे होते, तिच्या नातीची सोयरीक ठरत होती. आदल्या दिवशी शाळेतून येताना मीच गाडी चालवली आणि त्या आवाजाने माझे कपाळ ठणकू लागले. दादांना सांगितले असते तर त्यांनी बोल्ट सोडवून पट्टा वाकवला असता. त्यात अर्धा दिवस गेला असता. मी अंगणात पडलेली तार घेतली, पट्ट्याभोवती आणि सिलिंडरभोवती चार वेढे दिले, आणि टोके पायाला लागू नयेत म्हणून खालच्या अंगाला पिळून ठेवली. किती काळजीपूर्वक केले मी ते!

परळी ओलांडल्यावर एका गावाच्या तोंडाशी टँकरभोवती घागरींची गर्दी होती. दादांनी गाडी थांबवली. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून धूर आला, आणि धुरामागून पिवळी जीभ.

"उतर, माय. आधी तू उतर."

मी उतरले. दादांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, वाकले, कडी उघडली. सिलिंडर हलला नाही. त्यांनी ओढला. पुन्हा ओढला. मग त्यांची बोटे तारेवर गेली आणि थांबली.

"दादा, मी बांधलती," मी म्हणाले. "आवाज येत होता म्हणून."

त्यांनी वर पाहिले नाही. ते नखांनी पीळ शोधत राहिले. ज्वाळा आत शिरली, त्यांच्या उजव्या हातावर आली, तेव्हा मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढले.

रांगेतली एक बाई भरली घागर घेऊन धावत आली. तिच्या घरचे ते किती दिवसांचे पाणी होते, कोण जाणे. दादा आडवे आले. "नको, बाई. पेट्रोलची आग पाण्यानं विझत न्हाई, आनखी पसरती. घरी न्या तुमी."

ती थबकली. जळती गाडी बघत म्हणाली, "मंग हातावर तरी घ्या." आणि होरपळलेल्या त्या हातावर तिने धार धरली. निम्मी घागर संपेपर्यंत ती थांबली नाही.

गाडीचा सांगाडा व्हायला फार वेळ लागला नाही. सगळे गाव बघत होते, आणि कोणी काही करू शकत नव्हते. ज्याने संकट टाळायचे तेच आपण आपल्या हातांनी जखडून ठेवावे, याला दैव म्हणू की आळस? मी स्वतःला अजून आळसच म्हणते. दैव म्हणणे फार सोपे आहे.

दादांच्या तळव्याची कातडी आवळून आली. मूठ मिटेना, मग स्टिअरिंग धरणे संपलेच. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्याखाली मी दिवसागणिक दबत गेले. पाऊस त्याही वर्षी नुसता तोंड दाखवून गेला. कारखान्याची यंत्रे ट्रकांत भरून कुठे कुठे गेली. दादा दारात बसून रस्त्याकडे पाहत राहत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे मात्र पाहत नसत.

दिवाळीनंतर एका सकाळी मी त्यांच्या तळव्याला तेल चोळत होते. ते एकाएकी म्हणाले, "ती तार मी सकाळीच पाहिलती, माय. बसताना चमकली ना डोळ्यापुढं. म्हणलं, राहू दे, आवाज तर थांबला. वापस आल्यावर सोडू. चूक माझी हाय."

मी मान खाली घालून चोळत राहिले. वर्ष सरायच्या आत दादा गेले, आणि मी त्यांना ते कधीच बोलून दाखवले नाही. कुंपणाची जुनी तार होती ती, गंजून काळी पडलेली. ती चमकणे शक्य नव्हते.