नऊ नंबरचा चॅनेल

खंडेनवमीला बापू दुकानात आले तेव्हा साउंडच्या मिक्सरवर झेंडूचा हार होता. अण्णांनी त्याच्या कडेला हळद-कुंकूही लावलं होतं. बटणांच्या फटीत कुंकू जाऊ नये म्हणून मी सकाळीच आरडाओरडा केला होता, नाहीतर एकूणएक बटणाला बोट लागलं असतं.

"सुरेश, उद्याच्या नाटकाची टेप करशील का रं?" बापूंनी विचारलं. ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

"करतोच की बापू. मंडळासाठी दरवेळी करतो."

"तसं न्हवं. माजा आवाज नीट याया पायजे त्यात."

अण्णा म्हणजे माझे मालक. सांगलीत त्यांचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं आणि मी तिथे ऑपरेटर. बापू माधवनगरच्या हौशी नाटक मंडळाचे मुख्य नट. सारं आयुष्य कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेलं. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याला हाक मारायची तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. त्यामुळे बापूंना स्टेजवर माइक कधी लागलाच नाही. मी थट्टेनं म्हणायचो, "बापू, तुमच्यामुळं आमचा धंदा बसतोय." त्या वर्षी मात्र पावसाळ्यापासून त्यांचा आवाज बसला तो बसलाच.

बापूंनी खुर्ची जवळ ओढली. "परवा मिरजंला ॲडमिट व्हायचंय. घशात गाठ हाय. डॉक्टर म्हणत्यात, आवाजाची पेटीच काढाया लागंल. नात पाच म्हैन्यांची हाय. आज्जा कसा बोलत हुता, त्ये तिला कळाया नगं? मंडळात कुणाला बोलू नगंस."

मी मान हलवली.

आता थोडं या मिक्सरविषयी सांगायला हवं. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. अण्णांनी मुंबईहून एक वापरलेला डिजिटल मिक्सर आणला होता. आमच्या भागात तेव्हा हे प्रकरण नवीन होतं. त्याचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, आपोआप वरखाली सरकायचे. बघायला लोक यायचे आणि "आत भूत हाय का काय?" असं विचारायचे.

एका माइकची वाट म्हणजे एक चॅनेल. त्याचा आवाज किती, जाड की बारीक, तो हॉलच्या स्पीकरला जाणार की टेपलाही, हे सगळं त्या चॅनेलचं सेटिंग. जुन्या मिक्सरवर यातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळं बटण असतं आणि ते डोळ्यांना दिसतं. नव्यात बरंचसं एका चिमुकल्या स्क्रीनच्या पोटात. पण याला मेमरी होती. नाटकातल्या एकेका प्रसंगासाठी सगळ्या चॅनेलचं सेटिंग आधी साठवून ठेवायचं. त्याला सीन म्हणतात. प्रसंग बदलला की एक बटण दाबायचं, सगळे चॅनेल क्षणात त्या सीनच्या जागेवर. मात्र एक अट होती. मध्येच हाताने काही बदललं आणि ते साठवायचं स्टोअर बटण दाबलं नाही, तर पुढचा सीन येताच तो बदल पुसला जातो.

त्या नाटकाचे मी सतरा सीन बांधले होते. बाकीच्या नटांचं स्टेजच्या पुढच्या माइकवर भागायचं. बापूंना मी कॉलरला लावायचा छोटा माइक दिला होता. त्याचा चॅनेल नऊ नंबरचा. बापू बोलायला लागले की नऊ वर आणि पुढचे माइक खाली, म्हणजे स्पीकरमधून शिट्टी वाजत नाही. चार तालमी घालवून मी हे सतराही सीनमध्ये भरलं होतं. हॉलसाठी. नऊची टेपकडे जाणारी वाट मात्र बंदच राहिली होती, कारण तो चॅनेल मागाहून वाढवलेला. आता ती सतरा ठिकाणी उघडायची आणि सतरा वेळा स्टोअर दाबायचं. अर्ध्या तासाचं काम.

मी हार बाजूला करायला गेलो तर अण्णा आतून बाहेर आले. "आज न्हाई. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई. वरीसभर पोट भरतंय त्ये आपलं."

आमच्या गल्लीत न्हाव्यापासून मोटार मेकॅनिकपर्यंत सगळ्यांची हत्यारं त्या दिवशी हाराखाली होती. तरी मी बापूंचं सांगितलं असतं तर अण्णा ऐकते. पण बापूंनी बोलू नको म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुट्टी हवीच होती.

"उद्या करतो, बापू."

"उद्या तर उद्या," बापू म्हणाले.

दसऱ्याला बारा वाजता लाइट गेली. ती साडेपाचला आली. साडेसहाचा प्रयोग. माइक, वायरी, स्पीकर, सगळं तासाभरात उभं करायचं. घाईघाईत मी सीन एकवर नऊची टेपची वाट उघडली आणि बापूंना स्टेजवर उभं करून बोलायला लावलं. टेपवर आवाज किती येतोय ते दाखवणारा काटा उडाला. मी अंगठा दाखवला, बापूंनी हात जोडले आणि मेकअपला गेले.

स्टोअर मी दाबलं नाही. उरलेले सोळा सीन उघडले नाहीत. नियम मला माहीत होता, वाचला होता, दुसऱ्यांना शिकवलाही होता. पण मी वीस वर्षं जुन्या मिक्सरवर काढलेली. तिथे एकदा फिरवलेलं बटण माणसाचा हात लागेपर्यंत हलत नाही. डोक्याला नवा नियम कळला होता, हाताला नव्हता.

प्रयोग उत्तम झाला. बापूंचं अक्षर न् अक्षर शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. अण्णा मागे येऊन म्हणाले, "बापूचा आवाज आज मोकळा लागलाय गड्या." मी खूश. मधूनमधून टेपच्या काट्याकडे बघत होतो, तो हलत होता. कुणाच्या आवाजाने हलतोय हे काट्यावर लिहिलेलं नसतं. हेडफोन गळ्यातच होता.

दोन टेपडेकवर दोन कॅसेटी भरल्या, एक मंडळाची, एक बापूंची. बापूंनी त्यांची शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला आपट्याचं पान दिलं. "सोनं घे. लय उपकार झालं तुजं."

दुसऱ्या दिवशी मी साउंड घेऊन कवठे महांकाळला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आलो आणि मंडळाची कॅसेट सहज लावली. पहिल्या प्रसंगात दारावर थाप पडली आणि बापूंचा आवाज आला, "आलो, आलो. जरा दम धरा. म्हातारा माणूस हाय मी." घोगरा, पण स्पष्ट. मग प्रसंग बदलला. समोरच्या नटाने प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. मग एकदम हॉल हसला. त्याने पुढचा प्रश्न विचारला. पुन्हा काही नाही, आणि टाळ्या.

दोन तासांची टेप मी पळवत पळवत ऐकली. सगळी तशीच. बापू बोलताना पुढचे माइक मीच खाली ओढत होतो, त्यामुळे त्यांचा पुसटसा आवाजही कुठून शिरला नव्हता. बापूंसाठी जे जे केलं होतं, त्यानेच त्यांना टेपमधून पुसून काढलं होतं.

मी टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट स्कूटरवर टाकून मिरज गाठलं. निदान दोन शब्द तरी भरून घ्यावेत. ऑपरेशन थिएटरबाहेर बाकड्यावर वहिनी, बापूंची बायको, बसल्या होत्या.

"आठला आत न्हेलं," त्या म्हणाल्या. घड्याळात साडेदहा झाले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या हातातला टेपरेकॉर्डर घेऊन बाकड्याखाली ठेवला. मग म्हणाल्या, "आत्ता त्यास्नी सांगू नगा. बरं हू द्यात."

दिवाळीनंतर बापूंनीच निरोप पाठवला. मी गेलो. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रावर पांढरा रुमाल, हातात पाटी. मी त्यांच्यापुढे चूक कबूल केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, "लाव."

वहिनींनी कॅसेट लावली. "आलो, आलो. जरा दम धरा." मांडीवरची नात आवाजाच्या दिशेने वळली. नंतर टेपमध्ये प्रश्न आला आणि पुढे शांतता. मी मान खाली घातली. रुमालामागून श्वासाचा सूंसूं आवाज यायला लागला म्हणून वर बघितलं. बापूंचे ओठ हलत होते. प्रत्येक रिकाम्या जागेत ते आपलं वाक्य बोलत होते. हात वर जात होता, भुवया चढत होत्या, आणि बरोबर त्यांचं वाक्य संपलं की टेपमधला हॉल हसत होता. मला उठून जावंसं वाटत होतं. मी दोन तास तिथे बसलो.

टेप संपली. बापूंनी पाटी पुसली, लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. "येक बी वाक्य इसरलो न्हाई."

नातीजवळ आजोबांचा आवाज म्हणून तेवढी तीन वाक्यं आहेत. दीड वर्षाने बापू गेले.

आज माझ्या हाताखाली जे शिकतात त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. बदल केलास की लगेच स्टोअर दाब, प्रत्येक सीनमध्ये. आणि काट्यावर विश्वास ठेवू नकोस, टेप कानाने ऐक. खंडेनवमीची पूजा मी अजूनही करतो, पण हातातलं काम उरकून.