एकटीच्या कंपनीला दुसरं माणूस

धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे कपडे शिवल्यावर मी स्वतःचा धंदा काढायचं ठरवलं. दवाखान्यांना लागणारे गाऊन, चादरी, ऑपरेशनच्या वेळची हिरवी कापडं. मशिनं घेतली, जुन्या हुबळीत खोली भाड्यानं बघितली, दोन नर्सिंग होम माल घ्यायला तयारही झाली. तेव्हा धारवाडचे सी.ए. म्हणाले, धंदा कुठल्या स्वरूपात नोंदवायचा ते आधी ठरवा.

एकल मालकी म्हणजे धंदा आणि मी एकच. बुडाला तर केलगेरीचं माझं दोन खोल्यांचं घरही जाऊ शकतं, आणि मी गेले की धंदाही संपला. भागीदारीला दुसरं कुणी हवं. कारखान्यातली मैत्रीण आणि मी मिळून करणार होतो, पण ती मुलाकडे बेंगळुरूला गेली ती गेलीच. मग एका माणसाची कंपनी करा, ते म्हणाले, घराला धक्का लागणार नाही. मला पटलं. एकटी जेवते, एकटी आजारी पडते, कंपनीही एकटीची. पण त्यालाही दुसरं एक नाव लागतं म्हणे. आपण मेलो तर कंपनी ज्याच्याकडे जाईल त्याचं, आणि त्याची लेखी संमती. मला हसू आलं. एकटं राहायलाही सरकारला सोबत दाखवावी लागते.

घरी येऊन फोनमधली नावं वरखाली केली. गॅसवाला, नळवाला, मशिन दुरुस्त करणारा. शेवटी उरला बेळगावचा धाकटा भाऊ. नोकरीवाला, संसारी माणूस. बुद्धपौर्णिमेला न चुकता फोन करतो, एरवी मीही त्याला त्रास देत नाही.

मी विषय काढला तसा त्याचा आवाज बदलला. बायकोला विचारतो म्हणाला, मग पुन्हा त्यानंच फोन केला.

“अक्का, उद्या काय झालं तर माझ्या नोकरीवर येतंय की. मला त्यात ओढू नको बघ.”

मी समजावलं. मी जिवंत असेपर्यंत तुझा काही संबंध नाही. यायचं नाही, बघायचं नाही, एक पैसा घालायचा नाही. माझ्यामागंच काय ते.

तो मोकळा झाला. “म्हणजे तू गेल्यावरचं होय? मग घाल की माझं नाव. त्याला काय झालंय.”

आणि जेवलीस का, असंही विचारलं. माणूस वाईट नाही. मी मेले तर पहिली बस पकडून येईल, आणि खरंखुरं रडेल. पण केलगेरीला तो शेवटचा कधी आला होता, ते मला आठवेना. फोन ठेवून मी बराच वेळ रडले. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

सी.ए.कडे गेले तेव्हा त्यांनी भावाचं आधार कार्ड मागितलं. मी म्हटलं, कंपनी नको, एकल मालकीच करा. ते कन्नडमध्ये पुन्हा समजावू लागले, घराचा विचार करा, तुमच्यानंतर धंद्याचं काय होणार.

“माझ्यानंतर बघणारे आहेत हो,” मी म्हटलं. “आत्ता कुणी नाही.”

त्यांनी दुसरा फॉर्म काढला. कागदावर माझं एकटीचं नाव लागलं.