पूजेला अप्रूव्हल लागत नाही

तिसऱ्या रविवारीही वैजूने तोच प्रश्न विचारला, "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?" आणि तिसऱ्या रविवारीही कॉल तिथेच तुटला.

पडद्यावर मुलाची हुबळीची आत्या तोंड उघडं ठेवून गोठली. तिच्या शेजारी प्रसन्न, म्हणजे स्थळ, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी गोठला. मग दोघंही गेले.

"अय्यो! गेला नोडी परत!" सुभद्राकाकूंनी कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे बघितलं. "तू नेटवर्कवाली ना ग? मग हे काय?"

सुभद्राकाकू माझ्या घरमालकीण. म्हैसूरच्या अग्रहार भागात खाली त्यांचं शिवणाचं दुकान, वर माझी खोली. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. वाक्य मराठीत निघतं आणि कन्नडमध्ये उतरतं; 'नोडी' म्हणजे 'बघा'. वैजू त्यांची मुलगी. ब्लाउजचे गळे अख्ख्या गल्लीत तिच्यासारखे कुणी कापत नाही. आणि मी धुळ्याची. कॉलेजात असताना पत्रकं लिहिली, वाटली, खळ लावून भिंतींवर चिकटवली. त्यातलं एक मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाविरुद्धच होतं. आता मोबाइल नेटवर्क ऑप्टिमायझेशनमध्ये इंजिनिअर आहे. म्हणजे तुटलेल्या कॉलचं खातं माझंच.

मी वैजूला म्हणाले, "मुळात हा कार्यक्रमच अपमानाचा आहे. एक माणूस सोफ्यावर, दुसरा प्रदर्शनात..."

"तुझं पत्रक नंतर वाट," वैजू म्हणाली. "आधी रेंज दे. मी बघतेय त्याला. मला आवडलाय तो. एवढ्या एका उत्तरावर अडलंय."

मी पत्रक मनातच गुंडाळलं आणि रेंज बघायला लागले.

रात्री हुबळीहून निरोप आला. मुलगी वाकडा प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत तोंडावर फोन आपटते. असली उद्धट मुलगी नको, पण प्रसन्न हट्ट करतोय, म्हणून महानवमीला शेवटचा फोन. पुन्हा तुटला तर विषय संपला.

काकूंनी रीतसर तक्रार केली होती. उत्तर एसएमएसने लगेच आलं: हँडसेटमध्ये दोष आहे, फोन बंद करून सुरू करावा, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली? कुणीच नाही. तक्रारी वाचणारंही आता सॉफ्टवेअर आहे आणि बंद करणारंही. माणसाने माणसाला एकदा विचारायचे कष्ट नकोत! माझं डोकं फिरलं. मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तक्रार बंद झाली म्हणजे मिटली नव्हे', आणि ऑफिसात पाण्याच्या कूलरवर चिकटवलं. नंतर कुणीतरी त्यावर मिशा काढल्या. असो.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल. घाबरू नका, सोपं आहे.

तुमचा फोन एका टॉवरला धरून असतो. तुम्ही चालू लागलात किंवा तिथे गर्दी झाली की तो दुसऱ्या टॉवरच्या हाती दिला जातो. ह्याला हँडओव्हर म्हणतात. कुठल्या टॉवरची हद्द कुठे संपते हे पूर्वी आम्ही ठरवायचो. गाडीत फोन घेऊन गल्लीबोळ फिरायचो, मोजायचो, मग अँटेनाचा कोन किंवा हद्दीचे आकडे बदलायचो. आता हे सगळं ऑटोमेशन करतं. दर पाव तासाला स्वतःच बघतं, स्वतःच बदलतं, स्वतःच स्वतःला शाबासकी देतं.

काकूंचं घर बरोबर दोन टॉवरांच्या सीमेवर. एक लॉजच्या गच्चीवर, दुसरा चौकातल्या कॉम्प्लेक्सवर.

मी वैजूचे तिन्ही कॉल काढून बघितले. रविवारचा राहुकाळ सहाला संपतो, त्याआधी आत्या फोनला हात लावत नाही. म्हणजे कॉल सहाच्या ठोक्याला सुरू. मग हुबळीची हवा, आत्याचे गुडघे, म्हैसूरची दसऱ्याची गर्दी. ह्यात पाव तास सहज जातो. आणि मग वैजू प्रश्न विचारते. आणि नेमकं त्याच मिनिटाला ऑटोमेशन जागं होतं!

मी खुर्चीतून उठून नाचले. खोटं कशाला सांगू, खरंच नाचले.

झालं होतं असं. ऑटोमेशन म्हणजे एकच सॉफ्टवेअर नसतं, त्यात वेगवेगळी कामं करणारे भाग असतात. एक भाग गर्दी वाटतो. लॉजवर गर्दी दिसली की तो सीमेवरचे फोन चौकाकडे ढकलतो. दुसरा भाग कॉलची क्वालिटी बघतो. त्याला दिसतं की चौकाचा सिग्नल इथे कच्चा आहे. तो फोन परत लॉजकडे ओढतो. एसीचा रिमोट दोघांकडे असावा, एकाने अठरा करावं, दुसऱ्याने सव्वीस, आणि मध्ये बसलेल्याला सर्दी व्हावी, तसं. सर्दी काकूंच्या घराला झाली होती. बरं, दोघांचेही रिपोर्ट हिरवेगार. गर्दीवाला म्हणतो, मी गर्दी वाटली. क्वालिटीवाला म्हणतो, मी फोन परत आणला. तुटलेला कॉल कुणाच्याच पदरात नाही. सरकारी खात्यांबद्दल मी असंच पत्रक लिहिलं होतं एकदा. फक्त नावं बदलायची होती.

मी आमच्या म्हैसूर ऑफिसचे प्रमुख नागराज सर ह्यांच्याकडे गेले. आमचं बोलणं कन्नड आणि इंग्रजीच्या खिचडीत होतं, इथे मराठीत देते.

"सर, अग्रहाराच्या क्लस्टरवर ऑटोमेशन एक दिवस पॉझ करू या. सिद्ध करून दाखवते."

"नोडम्मा," सर शांतपणे म्हणाले, "पॉझ म्हणजे चेंज. दसऱ्यात चेंज फ्रीज आहे. हेड ऑफिसचं अप्रूव्हल लागेल."

क्लस्टर म्हणजे एका भागातल्या टॉवरांचा गट, आणि फ्रीज म्हणजे सणाच्या गर्दीत कुणी नेटवर्कला हात लावायचा नाही. चांगला नियम आहे. म्हणून मी हेड ऑफिसला फोन लावला. तिथले सक्सेना सर म्हणाले, "फ्रीजमध्ये पॉझ नाही."

"पण सर, ऑटोमेशन तर रोज शेकड्याने बदल करतंय. त्याला फ्रीज नाही?"

"फ्रीज माणसांसाठी आहे. माणसं चुका करतात."

"आणि हे जे करतंय ते?"

"ते ऑप्टिमाइझ करतंय."

तुम्हीच सांगा! हात बांधायचे ते आमचेच, आणि चुकणाऱ्याला मोकळं रान. मी आणखी एक कागद कूलरवर लावला. त्यालाही मिशा आल्या.

महानवमी उजाडली. ज्यांना इकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे ह्या दिवशी आयुधपूजा. ज्याचं जे हत्यार, जे अवजार, ते धुवायचं, कुंकू लावायचं, फुलं वाहायची आणि त्याला विश्रांती द्यायची. काकूंनी शिवणयंत्राला शेवंतीचा हार घातला होता, कात्रीला कुंकू. त्या दिवशी टाकासुद्धा घालायचा नाही. बसवाल्याची बस, गवंड्याची थापी, सगळी देवासमोर.

ऑफिसात नागराज सर धोतरात. सर्व्हरच्या रॅकला केळीचे खांब. माझ्या लॅपटॉपला सरांनी स्वतः कुंकू लावलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. दारात कोहळा फुटला. आम्ही चुरमुरे-फुटाणे खातोय, तेवढ्यात सर गरजले, "सगळे लॅपटॉप बंद! आज आयुध चालवायचं नाही."

मी तोंडात फुटाणे असतानाच म्हणाले, "सर, लॅपटॉप बंद करून काय उपयोग? आपलं काम लॅपटॉप कुठे करतोय? काम चालूच आहे की."

"कोण करतंय?"

"ऑटोमेशन."

सरांच्या हातातली आरती जागच्या जागी थांबली. "पूजा चालू आणि आयुध चालू?"

"हो सर. आत्तासुद्धा."

"गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी ते नव्हतं. आपणच होतो. आपण बसलो की काम बसायचं."

सरांचा चेहरा असा झाला, जणू देवघरात कुणी चप्पल घालून शिरलंय. माझा सिद्धांत त्यांना आधीही पटला नव्हता आणि तेव्हाही पटला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. दोन टॉवर, दोन भाग, पाव तास, ह्यातलं काही त्यांच्या मनात नव्हतं. पण आयुध बसलं नाही तर पूजा अपुरी, हे मात्र शंभर टक्के होतं.

"माझ्या लॉगिनला पॉझ आहे ना?"

"आहे सर. पण अप्रूव्हल..."

"काल तू मागितलंस तो चेंज होता. आज ही पूजा आहे. पूजेला अप्रूव्हल कशाला?"

ते निघाले अख्खं म्हैसूर बंद करायला! आता घाबरायची पाळी माझी. राजवाड्याभोवती लाखो लोकांचे फोन, तिथे गर्दी वाटणारा भाग खरोखरच कामाचा. तिथे विश्रांती म्हणजे बोंबाबोंब.

"सर, सर, सर! फक्त अग्रहार!"

"अर्धी पूजा?"

"नैवेद्य एका पानावरचाही पोचतो ना सर?"

सरांनी विचार केला. "हौदू," ते म्हणाले, म्हणजे बरोबर आहे. हात जोडले आणि अग्रहाराच्या क्लस्टरचं बटण दाबलं. मागून कुणीतरी घंटा वाजवली. ऑटोमेशनची पूजा झालेली मी तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

संध्याकाळी काकूंच्या दुकानात आम्ही तिघी. शिवणयंत्र हार घालून गप्प. वैजू समोर बसली. मी कोपऱ्यात मोबाइलवर अग्रहाराचा ग्राफ उघडून. नुसतं बघणं म्हणजे काम नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली.

कॉल लागला. हवा. गुडघे. गर्दी. पाव तास जवळ आला तशी काकूंनी माझ्या दंडाची कातडी पकडली. ग्राफची रेघ सरळ. पाव तास उलटला. रेघ सरळच! मला ओरडावंसं वाटत होतं, मी पदर नव्हता म्हणून ओढणीच तोंडात कोंबली.

वैजू म्हणाली, "तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

कॉल तुटला नाही.

हुबळीची दोघं एकमेकांकडे बघू लागली. मग आत्या पडद्याजवळ आली आणि मोठ्याने म्हणाली, "हॅलो? हॅलो? काही ऐकूच येत नाही बघ. लाइन गेली वाटतं. हॅलो?"

मला राहवलं नाही. मी कोपऱ्यातून उडीच मारली. "सिग्नल फुल्ल आहे! एकही ड्रॉप नाही! बोला!"

"ही कोण?" आत्या दचकली.

"सुम्ने, गप्प बस ग!" काकूंनी मला खाली ओढलं.

आणि पलीकडून प्रसन्न हसत हसत म्हणाला, "आत्या, स्वच्छ ऐकू येतंय." मग वैजूकडे बघून, "आई करते. मला भात येतो. सारू, म्हणजे सार, केलं तर उतू जातं. शिकवशील?"

"शिकवणार नाही," वैजू म्हणाली. "मलाही येत नाही. दोघं शिकू."

काकूंनी डोक्याला हात लावला, पण हसत होत्या. आत्याने पुन्हा 'हॅलो' म्हणून बघितलं. ह्या वेळी तिच्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही.

सुट्टी संपल्यावर सक्सेना सरांचा फोन. स्पीकरवर.

"नागराज, अग्रहारात नवमीला ड्रॉप जवळजवळ दिसतच नाहीत. काय केलंत?"

"पूजा," नागराज सर म्हणाले.

मला वाटलं, आता हेही 'हॅलो, हॅलो' करणार.

"कसली?"

"आयुधाची. आयुधाला विश्रांती दिली."

मग मी सगळे आलेख पाठवले: पॉझच्या आधीचा, मधला, नंतरचा. पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली. एका सीमेवर एका वेळी एकाच भागाने हात घालायचा, दुसऱ्याने थांबायचं. वाड्यातल्या नळावर बायका भांडून जो नियम करतात तोच. अपडेटसोबतच्या माहितीत त्याला 'बुद्धिमान समन्वय' असं नाव दिलं होतं. श्रेय ऑटोमेशनला. पूजेचा उल्लेख नाही, माझाही नाही. काकूंना मात्र एसएमएस आला: आपण हँडसेट दुरुस्त केल्याबद्दल धन्यवाद. मी तो छापून कूलरवर लावलाय. त्याला अजून मिशा आलेल्या नाहीत.

मी ऑटोमेशनच्या विरोधात नाही. पुन्हा गाडीत बसून गल्ल्या मोजायची हौस मला नाही. मागणी एवढीच: सुट्टी असेल तर माणसाला आणि यंत्राला दोघांना, आणि चूक तपासायची तर यंत्राचीही. राहिला धंद्यातला धडा. 'ऐकू येत नाही' अशी तक्रार आली की आधी नेटवर्क तपासावं. ते ठीक निघालं, तर प्रश्न काय विचारला होता ते बघावं.